लांब पल्ल्याचे धावणे आणि पायाचे किरकोळ दुखणे

प्रास्ताविक

आपल्या जिल्ह्यात पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास गावाबाहेरच्या रस्त्याने एखादा मुलगा किंवा मुलगी धावताना दिसली, तर पाहणारा तिला हौस समजत नाही. ‘भरतीची तयारी चाललेली दिसते’ एवढेच म्हणून तो पुढे जातो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, पारनेर अशा पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या तालुक्यांतील कितीतरी घरांची आशा आज या पहाटेच्या धावण्यावर टांगलेली आहे. आपल्या वसतिगृहात शिकून गेलेल्या आणि आज शिकत असलेल्या मुलांपैकी अनेकांचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. त्यांच्या दृष्टीने पोलीस शिपाई किंवा सैनिक होणे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची भटकंती थांबणे होय.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीस ५० गुण असतात. त्यांपैकी २० गुण पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावण्यासाठी दिले जातात. पुरुष उमेदवाराला हे २० गुण पूर्ण मिळवायचे, तर १६०० मीटर अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत कापावे लागते. म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाची प्रत्येक फेरी साधारण साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, आणि तीही सलग चार वेळा. काही सेकंदांच्या फरकाने गुण जातात आणि गुणांबरोबर वर्षही जाते. या कारणाने मुलांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली असते, की एकही दिवस धावणे चुकता कामा नये आणि पाय दुखत असेल तर ते कोणाला सांगता कामा नये.

प्रस्तुत लेखाचा विषय ही समजूतच आहे. गेली अनेक वर्षे शालेय मुलांना धावण्याचे शिक्षण देताना माझ्या ध्यानात आलेली गोष्ट अशी, की किरकोळ दुखण्यामुळे फार थोड्या मुलांची संधी हुकते; ते दुखणे लपवल्यामुळे मात्र पुष्कळांची हुकते. हे मी केवळ इतरांकडे पाहून लिहीत नाही. विद्यार्थिदशेत मी स्वतः भरतीच्या मैदानी चाचणीपूर्वी नडगीचे दुखणे तीन आठवडे लपवले. रात्री अंथरुणात पाय ठणकत असे; सकाळी मी कापडी पट्टी घट्ट आवळून धावत असे. अखेर चाचणीच्या आठ दिवस आधी पाय टेकवेनासा झाला. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. ते वर्ष गेले. पहिल्या आठवड्यात मी कोणाजवळ बोललो असतो, तर दहा-पंधरा दिवसांत पुन्हा मैदानावर उभा राहिलो असतो, हे मला पुढे अभ्यासाअंती समजले.

एक जुनी कथा

अतिरेकी सरावाने पाय रक्तबंबाळ झाल्याची एक कथा पालि विनयपिटकात आलेली आहे. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना ती ठाऊक असेल. तरी या विषयाच्या संदर्भात तिची उजळणी करणे योग्य होईल.

चंपा नगरीतील सोण कोळिवीस हा अतिशय श्रीमंत घरचा आणि नाजूक पायांचा तरुण होता. भिक्षू झाल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने चंक्रमणाचा, म्हणजे येरझारा घालत ध्यान करण्याचा, इतका अट्टहास केला की त्याचे तळवे फुटले आणि चालण्याची वाट रक्ताने माखली. एवढे करूनही फळ दिसेना, तेव्हा घरी परतावे असा विचार त्याच्या मनात आला. भगवान बुद्धांनी ती वाट पाहिली. सोण पूर्वी वीणा उत्तम वाजवीत असे, म्हणून त्यांनी त्याला वीणेविषयीच प्रश्न विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय? फार सैल सोडल्या तर वाजते काय? दोन्ही प्रश्नांना सोणाने नाही असे उत्तर दिले. तारा योग्य प्रमाणात ओढलेल्या असतात तेव्हाच स्वर लागतो, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतल्यावर प्रयत्नांचेही तसेच असते, अशी शिकवण त्याला मिळाली.

या कथेचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे. सोणाचे पाय पाहून बुद्धांनी त्याला एका तळाच्या वहाणा वापरण्याची अनुमती दिली. एवढे वैभव सोडून आलेला मी आता वहाणांचा मोह कसा धरू, असे म्हणून सोणाने एकट्यासाठी ती सवलत नाकारली. तेव्हा ती सर्वच भिक्षूंना देण्यात आली. सोणाला प्रयत्न सोडण्यास सांगितले गेले नाही. प्रयत्नाचे प्रमाण बदलले गेले आणि जखमी पायांची व्यवस्था लावली गेली. धावपटूच्या किरकोळ दुखापतीवरील आजचा शास्त्रीय उपचारही याच दोन सूत्रांवर उभा आहे.

दुखणे का उद्भवते?

धावताना प्रत्येक पावलागणिक पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. हाडे, स्नायू आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा हा भार सोसतात. सरावाने त्यांची सूक्ष्म झीज होते, विश्रांतीत ती भरून निघते आणि भरून निघताना ते अवयव पूर्वीपेक्षा बळकट होतात. सरावाचा लाभ होतो तो असा. झीज भरून निघण्याआधीच पुढचा भार पडत राहिला, तर मात्र दुखणे सुरू होते.

येथे एक बाब लक्षात ठेवावी. हृदय, फुप्फुसे आणि दम लवकर सुधारतात. काही आठवड्यांतच मुलाला आपण वेगाने पळू शकतो असे वाटू लागते. हाडे आणि कंडरा मात्र सावकाश बळकट होतात, त्यांना काही महिने लागतात. दम आहे पण पाय तयार नाहीत, या अंतरातच बहुतेक दुखापती घडतात. भरतीची जाहिरात निघाल्यावर अचानक रोज दोन वेळा धावू लागणे, मातीवर सराव करून एकदम डांबरी रस्त्यावर उतरणे, अनवाणी धावणाऱ्याने नवे बूट घालून पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर पळणे, झिजलेल्या तळव्याचे बूट वापरत राहणे, ही आपल्याकडची नेहमीची कारणे होत.

नेहमीची दुखणी आणि त्यांची ओळख

नडगीचे दुखणे : नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या अर्ध्या भागात बोटभर किंवा वीतभर लांबीत दुखते. धावण्याच्या आरंभी दुखते, अंग गरम झाल्यावर कमी होते आणि नंतर पुन्हा जाणवते. नवशिक्यांत हे सर्वाधिक आढळते.

टाचेमागच्या कंडरेचे दुखणे : पोटरी आणि टाच यांना जोडणारी जाड दोरीसारखी कंडरा सकाळी उठल्यावर आखडलेली वाटते आणि चिमटीत धरल्यास दुखते.

तळव्याचे दुखणे : सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल टाचेखाली सुई टोचावी तसे दुखते; चार पावले चालल्यावर बरे वाटते.

गुडघ्याच्या वाटीभोवतीचे दुखणे : जिना उतरताना, उताराने धावताना किंवा बराच वेळ मांडी घालून बसल्यावर जाणवते.

घोटा मुरगळणे आणि स्नायू ताणणे : ही दुखणी एका क्षणी घडतात, खड्ड्यात पाय पडून किंवा पुरेसे अंग गरम न करता वेगाने पळाल्याने.

यांपैकी बहुतेक दुखणी किरकोळ असतात आणि योग्य काळजीने बरी होतात. परंतु किरकोळ आणि गंभीर यांतील सीमारेषा ओळखता येणे अत्यावश्यक आहे. पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास धावणे त्याच दिवशी पूर्ण थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे :

१. हाडावर एका ठरावीक जागी, बोटाच्या टोकाएवढ्या भागात, दाबल्यावर तीव्र दुखणे.
२. विश्रांती घेतानाही किंवा रात्री झोपेत ठणका लागणे.
३. धावताना दुखणे कमी न होता प्रत्येक फेरीगणिक वाढत जाणे.
४. लंगडत चालावे लागणे किंवा चार पावलेही पायावर भार न घेता येणे.
५. गुडघ्याला सूज येणे, गुडघा अडकणे किंवा चालताना दगा देणे.
६. ‘कट्’ असा आवाज होऊन पोटरीत किंवा टाचेमागे अचानक कळ येणे.
७. पोटरी सुजणे, लाल होणे व गरम लागणे. पायाला बधिरता येणे. किंवा दुखण्यासोबत ताप असणे.

पहिली तीन लक्षणे हाडाला बारीक चीर गेल्याची सूचना देतात. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या क्ष-किरण छायाचित्रात पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून ‘फोटो काढला, काही निघाले नाही’ एवढ्यावर समाधान मानून पुन्हा पळू नये. दुखणे कायम असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना पुन्हा भेटावे. गरज वाटल्यास ते एमआरआय तपासणी सुचवतात.

पहिले तीन दिवस

घोटा मुरगळला किंवा स्नायू ताणला गेला, तर पहिले दोन-तीन दिवस त्या पायाला आराम द्यावा. स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा शेकावे; बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. लवचिक पट्टी बांधावी, पण बोटे निळी पडतील किंवा मुंग्या येतील इतकी घट्ट नव्हे. झोपताना पाय उशीवर उंच ठेवावा. या काळात जोरकस तेलमालीश, गरम शेक आणि ‘शीर बसवणे’ टाळावे. मुरगळलेला घोटा ओढून-पिळून सरळ करण्याची आपल्याकडील पद्धत हानिकारक आहे, कारण अर्धवट ताणलेला अस्थिबंध त्यामुळे अधिक फाटू शकतो.

तीन दिवसांनंतर मात्र पाय पूर्ण झाकून ठेवण्याचीही गरज नसते. सहन होईल तेवढे चालणे आणि घोटा हळूहळू फिरवणे सुरू करावे. वापराविना स्नायू फार लवकर सुकतात.

वेदनाशामक गोळीविषयी एक इशारा देणे आवश्यक वाटते. गोळी घेऊन धावणे म्हणजे घरात धूर झाला असता दिवा मालवून तो न पाहणे होय. उन्हात, घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्यांचा मूत्रपिंडांवर अनिष्ट परिणाम होऊ शकतो. धावण्यापूर्वी दुखऱ्या जागी इंजेक्शन घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. स्टेरॉइडची इंजेक्शने १ जानेवारी २०२२ पासून अधिकृत स्पर्धांच्या काळात प्रतिबंधित आहेत. शिवाय कंडरेत दिलेल्या अशा इंजेक्शनाने ती दुबळी होऊन तुटण्याचा धोका संभवतो.

वेदनेचे मोजमाप

‘थोडे दुखते’ आणि ‘फार दुखते’ हे शब्द फसवे आहेत. त्याऐवजी शून्य ते दहा अशी मोजपट्टी मनात धरावी : शून्य म्हणजे काहीच न दुखणे आणि दहा म्हणजे असह्य वेदना. स्नायू आणि कंडरा यांच्या दुखण्यात पुढील नियम उपयोगी पडतो.

शून्य ते दोन : सराव चालू ठेवण्यास हरकत नाही.
तीन ते पाच : सराव कमी करून चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी वेदना पूर्वीच्या पातळीवर परत आलेली असली पाहिजे.
पाचाच्या वर : त्या दिवशी धावणे बंद.

दुसऱ्या दिवशीची सकाळ हीच खरी परीक्षा होय. धावताना काही वाटले नाही, पण सकाळी पाय अधिक आखडला, तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला असे समजावे. हाडाच्या दुखण्याला मात्र ही मोजपट्टी लावू नये. तेथे धावताना एक गुणाची वेदनाही चालत नाही.

प्रत्येक मुलाने एक साधी वही ठेवावी. तारीख, किती अंतर, कोणत्या जमिनीवर, धावताना वेदना किती आणि दुसऱ्या सकाळी किती, एवढ्या पाच नोंदी पुरेत. दोन आठवड्यांच्या नोंदी पाहिल्या की दुखण्याचे कारण बहुधा आपोआप उघड होते. शिवाय आपले दुखणे तोंडी सांगायला संकोचणारा मुलगा वहीत ते प्रामाणिकपणे लिहितो, असा माझा अनुभव आहे.

धावणे कमी, तयारी चालू

आठ-दहा दिवस धावणे बंद राहिले तर केलेली सर्व मेहनत वाया जाईल, ही भीती निराधार आहे. इतक्या अल्प काळात दम फारच थोडा घटतो. त्यातही दुसऱ्या मार्गाने व्यायाम चालू ठेवला, तर तीन-चार आठवड्यांची रजादेखील निभावून नेता येते.

सायकल हा आपल्याकडचा सर्वांत सोपा पर्याय. पायावर आदळ न बसता हृदयाला पुरेसा व्यायाम मिळतो. आठवड्यातून तीन दिवस ४५ मिनिटे संथ सायकल चालवावी. दोन दिवस दहा मिनिटे अंग गरम केल्यावर तीन मिनिटे जोरात आणि दोन मिनिटे सावकाश, अशी सहा आवर्तने करावीत. हा सराव मोकळ्या मैदानात किंवा रहदारी नसलेल्या रस्त्यावर करावा. पोहता येत असल्यास पोहणे उत्तमच. पण विहिरीत किंवा शेततळ्यात एकट्याने कधीही उतरू नये. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून पाय घसरतो आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही.

ताकदीचे व्यायाम हा उपचाराचा गाभा आहे. १९९८ साली स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाचेमागच्या कंडरेच्या जुनाट दुखण्याने त्रस्त झालेल्या धावपटूंना एक साधा व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच सावकाश खाली सोडणे : एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, प्रत्येकी १५ वेळा, तीन आवर्तने, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. शस्त्रक्रियेच्या वाटेवर असलेले ते धावपटू पुन्हा धावू लागले. या व्यायामाला लागते ती फक्त एक पायरी, आणि ती आपल्या वसतिगृहाच्या प्रत्येक दारात आहे.

सर्वसाधारण धावपटूने आठवड्यातून तीन दिवस पुढील व्यायाम करावेत :

१. चवड्यांवर उठणे : प्रथम दोन्ही पायांवर, मग एका पायावर. एका पायावर सलग वीस-पंचवीस वेळा उठता येणे हे ध्येय ठेवावे.
२. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखे बसणे : ३० ते ४५ सेकंद, चार वेळा.
३. पाठीवर झोपून, गुडघे मोडून कंबर वर उचलणे : १५ वेळा, तीन आवर्तने.
४. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे : प्रत्येक बाजूस १५ वेळा, तीन आवर्तने.
५. डोळे मिटून एका पायावर उभे राहणे : ३० सेकंद. घोटा मुरगळलेल्यांनी हा विशेष करावा, म्हणजे तो पुन्हा मुरगळण्याचा संभव कमी होतो.

परतीच्या पायऱ्या

पुनरागमनात घाई करणे ही दुसरी मोठी चूक. ३० मिनिटे झपाझप चालूनही दुखत नाही, असे लागोपाठ तीन दिवस अनुभवास आल्यावरच पुढील क्रम हाती घ्यावा. जमीन शक्यतो मातीची व सपाट असावी.

पहिली पायरी : १ मिनिट धावणे, २ मिनिटे चालणे, ८ वेळा.
दुसरी पायरी : २ मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे, ६ वेळा.
तिसरी पायरी : ४ मिनिटे धावणे, १ मिनिट चालणे, ५ वेळा.
चौथी पायरी : १० मिनिटे धावणे, १ मिनिट चालणे, २ वेळा.
पाचवी पायरी : २५ ते ३० मिनिटे सलग संथ धावणे.
सहावी पायरी : संथ धावण्याच्या शेवटी १०० मीटरचे सहा वेगवान तुकडे, पुढे २०० आणि मग ४०० मीटरचे.

प्रत्येक पायरी किमान दोनदा आणि एक दिवसाआड करावी. दुसऱ्या सकाळी दुखणे वाढले, तर एक पायरी खाली यावे. त्यात कमीपणा नाही. पहिल्या पाच पायऱ्यांना साधारण तीन ते चार आठवडे लागतात. संथ धावणे म्हणजे सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल असे धावणे. आठवड्याच्या एकूण अंतरापैकी सुमारे चार-पंचमांश अंतर असे संथच असावे. पूर्ण बरे झाल्यावरही अंतर बेताने वाढवावे : या आठवड्यात २० किलोमीटर झाले असतील, तर पुढील आठवड्यात २२; एकदम ३० नव्हे. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नयेत, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांतीचा राखावा.

शेजारच्या गावचे उदाहरण

आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी कुटुंबातील अविनाश साबळे लहानपणी सुमारे सहा किलोमीटर अंतर चालत-धावत शाळेला जात. बारावीनंतर ते सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये, भरती झाले. सियाचीनची हिमनदी आणि राजस्थानचे वाळवंट येथे सेवा केल्यानंतर २०१५ पासून ते सैन्यातील क्रॉस कंट्री स्पर्धांत उतरू लागले आणि पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या मार्गदर्शनाखाली ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले.

२०१८ हे आशियाई क्रीडा स्पर्धांचे वर्ष होते. नेमक्या त्याच काळात त्यांचा घोटा दुखावला आणि त्या स्पर्धेसाठी त्यांची पात्रता हुकली. धावपटूच्या आयुष्यात अशी स्पर्धा चार वर्षांतून एकदा येते. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भुवनेश्वर येथील राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ पासून अबाधित असलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, हांगझाऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि २०२४ च्या जुलैत पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंद असा नवा राष्ट्रीय विक्रम, अशी त्यांची वाटचाल राहिली. जी आशियाई स्पर्धा एकदा हुकली, तिच्याच पुढील पर्वात सुवर्णपदक त्यांच्या गळ्यात पडले.

जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील स्पर्धेत त्यांच्या गुडघ्याला झालेली दुखापत मात्र किरकोळ नव्हती. अस्थिबंध फाटल्याने शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेस ते मुकले. देशातील अग्रगण्य धावपटूलाही थांबावे लागते, आणि थांबण्याने त्याची योग्यता कमी होत नाही, हे आपल्या मुलांनी या उदाहरणावरून समजून घ्यावे.

आहार, झोप आणि बूट

हाडे अन्नातून घडतात. बाजरी, ज्वारी आणि नाचणीची भाकरी, डाळी व मोड आलेली कडधान्ये, गूळ-शेंगदाणे, पालेभाज्या, दूध किंवा ताक, आणि चालत असल्यास अंडी हा आपल्या घरचाच आहार पुरेसा आहे. मात्र तो पोटभर असावा. वजन कमी झाले की वेग वाढेल, या समजुतीने उपाशी धावणाऱ्यांची हाडे लवकर दुखावतात.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट संकोच न बाळगता लिहिणे मला कर्तव्य वाटते. सरावाच्या काळात मासिक पाळी तीन महिने किंवा अधिक काळ बंद झाली, तर ती ‘धावण्याने असे होतेच’ म्हणून सोडून देऊ नये. शरीराला पुरेसे अन्न मिळत नसल्याची आणि हाडे दुबळी होत असल्याची ती खूण असू शकते. आईने, वसतिगृहातील ताईंनी किंवा शिक्षिकांनी याची आपुलकीने विचारपूस करावी आणि मुलीला डॉक्टरांकडे न्यावे.

वाढत्या वयात आठ ते नऊ तासांची झोप हवी. पहाटे साडेचारला उठायचे असेल, तर रात्री साडेआठच्या आत दिवा मालवला पाहिजे. बूट महागडे असण्याची गरज नाही; ते पायाला नीट बसणारे, अंगठ्यापुढे थोडी जागा असलेले आणि तळवा न झिजलेला असे असावेत. नवे बूट असोत किंवा अनवाणी धावणे असो, पायाला त्यांची सवय काही आठवड्यांत हळूहळू लावावी. मोठ्या भावाचे झिजलेले बूट धाकट्याला देण्याआधी पालकांनी ते सपाट फरशीवर ठेवून मागून पाहावेत. ते एका बाजूला कललेले असतील, तर धावण्यासाठी देऊ नयेत.

पालक आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती

मुलगा दुखणे का लपवतो? आईवडिलांनी उचल घेऊन आपल्या तयारीसाठी पैसे पाठवले आहेत, हे त्याला ठाऊक असते. फोनवर विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘किती वेळ लागला?’ हा असतो. पालकहो, त्याआधी ‘पाय कसा आहे?’ एवढे विचारा. त्या एका प्रश्नाने मुलाला खरे बोलण्याची मोकळीक मिळते.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे पोलीस दलात, सैन्यात किंवा वैद्यकीय सेवेत आहेत, त्यांनी सुट्टीत गावी आल्यावर एक सकाळ शाळेच्या मैदानावर घालवावी. आपल्या यशाबरोबरच आपल्या दुखापतींविषयीही मुलांशी बोलावे. ज्यांची भरती दुखापतीमुळे हुकली आणि ज्यांनी पुढे दुसऱ्या मार्गाने आयुष्य उभे केले, त्यांनी तर अवश्य यावे. शारीरिक चाचणी पुन्हा देता येते आणि वयोमर्यादा संपली तरी माणूस संपत नाही, हे मुलांना त्यांच्याच तोंडून पटेल. फिजिओथेरपी शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून दोनदा, भरतीच्या हंगामापूर्वी, मुलांच्या पायांची तपासणी केली तर ती शाळेला मोलाची देणगी ठरेल.

समारोप

या लेखाचा सारांश सांगायचा, तर तो असा : दुखणे पहिल्याच आठवड्यात सांगावे, धोक्याची लक्षणे असतील तर थांबावे व डॉक्टरांना दाखवावे, नसतील तर भार कमी करून ताकदीचे व्यायाम करावेत, आणि पायरीपायरीने परतावे. भरतीच्या तयारीला किमान सहा महिन्यांचा अवधी ठेवावा, म्हणजे मध्ये तीन आठवडे दुखण्यात गेले तरी हाती पुरेसा काळ उरतो.

आपल्या शाळेच्या मैदानावर उद्या पहाटे पुन्हा मुले धावतील. त्यांतील एखादा मागे राहून नडगी चोळताना दिसला, तर जवळ जावे आणि त्याच्यासमोर वही ठेवून त्याला आजची वेदना लिहायला सांगावे. पुढचे सर्व उपचार तेथून सुरू होतात.